आजाराचं लक्षण की औषधाचं? मानसोपचार वॉर्डात नव्याने आलेल्या सिस्टर-ब्रदरांसाठी

भ्रम-भासांवरचं हॅलोपेरिडॉल सुरू झालेला विशीतला तरुण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मान एका बाजूला वळवून बसतो. डोळे छताकडे लागलेले, जीभ जड, शब्द फुटत नाही. बरोबरचे नातेवाईक म्हणतात, अंगात आलंय. मावशी म्हणतात, नाटक करतोय. खरं तर हा औषधाचा परिणाम आहे आणि प्रोमेथॅझिनचं, म्हणजे वॉर्डात ज्याला सगळे फेनर्गन म्हणतात त्याचं, इंजेक्शन मिळालं की बहुतेकदा अर्ध्या तासात मान सरळ होते. मात्र हे ओळखणारं कोणीतरी तिथे उभं असावं लागतं. डॉक्टरांचा राउंड सकाळी होऊन गेलेला असतो. उभं असतं ते आपण.

मेडिकल-सर्जिकलमधून ज्यांची बदली ठाणे, येरवडा, नागपूर किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात होते, किंवा जिल्हा रुग्णालयातल्या छोट्या मानसोपचार वॉर्डात ड्यूटी लागते, त्यांच्यासाठी हे लिहितोय. घरी रुग्णाला सांभाळणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल. इथे दिलेले डोस आणि आकडे समजण्यासाठी आहेत. औषध सुरू करणं, बदलणं, थांबवणं हा निर्णय डॉक्टरांचाच. आपण मात्र दिवसातून दहा वेळा एकच प्रश्न स्वतःला विचारायचा: हे जे दिसतंय ते आजाराचं की औषधाचं?

पहिल्या गोळीआधी

रुग्ण दाखल झाला की घाईत आधी गोळी आणि मग कागद, असं होतं. क्रम उलटा हवा. आज हात थरथरत नव्हते हे लिहून ठेवलं असेल, तरच पंधरा दिवसांनी आलेली थरथर औषधाची आहे असं कोणी म्हणू शकेल. म्हणून वजन, कंबरेचा घेर, ताप, नाडी आणि रक्तदाब झोपून व उभं राहून असा दोन्ही वेळा घ्या. हात पुढे धरायला लावा. चार पावलं चालायला लावा. झोप किती, शौचाला कधी झाली, बायकांच्या बाबतीत पाळी कधी आली आणि गरोदरपणाची शक्यता आहे का, हे विचारा. उपाशीपोटी साखर, लिपिड, ईसीजी या तपासण्या झाल्यात का ते केसपेपरवर पाहा. लिथियम सुरू होणार असेल तर क्रिएटिनिन आणि थायरॉइडही.

दोन प्रश्न नेहमी राहून जातात. पहिला तंबाखूचा. नुसतं ‘तंबाखूचं व्यसन’ असं लिहू नका. विडी-सिगारेट ओढतो की मिश्री-गुटखा घेतो, हे वेगळं लिहा. कारण पुढे क्लोझापिनपाशी येईल. दुसरा प्रश्न दारूचा: शेवटचा घोट कधी घेतला? रोज पिणाऱ्याची दारू दाखल झाल्यामुळे अचानक तुटते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास घाम, थरथर, वेळ-काळाचा गोंधळ आणि भिंतीवर किडे दिसणं सुरू होतं. हे वेड वाढल्याचं लक्षण समजून कोणी अँटिसायकोटिकचा, म्हणजे हॅलोपेरिडॉलसारख्या भ्रम-भासांवरच्या औषधाचा, डोस वाढवून घेतला, तर फिट येण्याचा धोका आणखी वाढतो. त्याला लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडसारखं औषध आणि थायमिन लागतं. आणि थायमिन ग्लुकोजच्या सलाइनआधी जायला हवं.

घरून आणलेली पिशवीही उघडून पाहा. त्यात बीपीची गोळी, गुडघेदुखीची गोळी, वैद्यांची पुडी आणि कधी मागच्या डॉक्टरांचं निम्मं संपलेलं पाकीट असं सगळं सापडतं.

गोळी घशाखाली जाईपर्यंत

इथे रुग्ण कुठल्याही नावाला ‘हो’ म्हणतो. मनगटावरची पट्टी काढून टाकतो. म्हणून केसपेपरवर फोटो हवा आणि नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्यायला हवं. औषधाचा ट्रे घेऊन एकट्याने फिरू नका. एक जण देणारा, एक जण पाहणारा.

गोळी गालात किंवा जिभेखाली दाबून ठेवणं नेहमीचंच. पूर्ण ग्लासभर पाणी द्या, मग दोन मिनिटं गप्पा मारा. रात्री जेवलात का, घरून फोन आला का. तोंड उघडून दाखवायला सांगायचं असेल तर सगळ्यांसमोर झडती घेतल्यासारखं सांगू नका. ज्याची गोळी वारंवार गालात सापडते त्याला शिक्षा नको, प्रश्न विचारा: गोळीने काय होतं तुम्हाला? उत्तर बरेचदा अगदी साधं असतं. दिवसभर गुंगी येते, तोंड कोरडं पडतं, लैंगिक इच्छा गेली, पोट सुटलं. ते डॉक्टरांपर्यंत पोचवलं की वेळ बदलता येते, औषध बदलता येतं, तोंडात विरघळणारी ओलान्झापिनची गोळी किंवा रिस्पेरिडोनचं सिरप देता येतं.

आत्महत्येचे विचार असलेल्या रुग्णाच्या बाबतीत गालात ठेवलेली गोळी म्हणजे साठवलेली गोळीही असू शकते. उशी, कपाट, बाथरूमची फट रोज तपासा.

वरण-भातात गोळी कुस्करून घालायचा सल्ला घरच्यांना शेजारीपाजारी देतात, कधीकधी आपलेच लोकही देतात. माझं मत स्पष्ट आहे: वॉर्डात हे करायचं नाही आणि घरच्यांनाही सुचवायचं नाही. अर्ध्या ताटात किती डोस पोटात गेला ते कळत नाही आणि लिथियमसारख्या औषधात ते न कळणं जिवावर बेतू शकतं. शिवाय ज्याला आधीच वाटतंय की घरचे जेवणात विष घालतात, त्याला एक दिवस वाटीच्या तळाशी पांढरी भुकटी दिसते. मग त्याला पटवायचं काय, हा प्रश्नच उरत नाही.

‘सिस्टर, तुम्हाला ऐकू येत नाही का, ते मला शिव्या देतायत?’ असं कोणी विचारलं तर ‘असं काही नसतं’ म्हणून वाद घालू नका आणि ‘हो, येतंय’ अशी हांजी हांजीही करू नका. ‘मला ऐकू येत नाहीये, पण तुम्हाला येतंय आणि त्याचा त्रास होतोय हे दिसतंय मला,’ एवढं पुरतं. आणि पुढे नक्की विचारा की ते आवाज काही करायला सांगतायत का. स्वतःला किंवा दुसऱ्याला मारायला सांगत असतील तर ही गोष्ट लगेच डॉक्टरांना कळवा आणि हँडओव्हरमध्ये पहिली सांगा.

ताठर मान, अस्वस्थ पाय, हलणारी जीभ

अँटिसायकोटिक औषधांनी शरीराच्या हालचालींवर होणारे परिणाम हा या कामाचा गाभा आहे. हॅलोपेरिडॉल, फ्लुफेनाझिन, ट्रायफ्लुओपेराझिन अशा जुन्या औषधांनी ते जास्त होतात. रिस्पेरिडोननेही डोस वाढला की होतात.

मान किंवा डोळे अचानक आखडणं हे पहिल्या काही तासांत ते पहिल्या चार-पाच दिवसांत येतं आणि तरुण मुलांमध्ये जास्त दिसतं. फेनर्गन 25 ते 50 मिलिग्रॅम स्नायूत, मग ट्रायहेक्सीफेनिडिलच्या गोळ्या, हा नेहमीचा मार्ग. घसा आवळून श्वासाला घरघर येत असेल तर मात्र ही धावपळीची वेळ आहे. ऑक्सिजन लावा, डॉक्टरांना तिथेच बोलवा.

सगळ्यात जास्त फसवतो तो पायांचा अस्वस्थपणा. रुग्ण खाटेवर बसतो, उठतो, व्हरांड्यात फेऱ्या मारतो, उभ्या उभ्या एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत राहतो. रजिस्टरमध्ये आपण लिहितो ‘रुग्ण अस्वस्थ व आक्रमक’. रात्रीचे डॉक्टर ते वाचून हॅलोपेरिडॉलचा आणखी एक डोस लिहितात. अस्वस्थपणा वाढतो. हे चक्र मी इतक्या वेळा पाहिलंय की आता ‘अस्वस्थ’ हा एकटा शब्द लिहिलेला दिसला की रागच येतो. सरळ विचारा: मन बेचैन आहे की पाय स्वस्थ बसू देत नाहीत? ‘आतून कोणीतरी ढकलतंय, बसवत नाही’ असं उत्तर आलं तर तेच शब्द जसेच्या तसे लिहा. इथे डोस कमी करणं किंवा प्रोप्रॅनोलॉल देणं हा डॉक्टरांचा मार्ग असतो. दम्याच्या रुग्णाला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, तेवढं लक्षात आणून द्या. या त्रासापायी माणसं जीव द्यायलाही निघतात, म्हणून त्याला किरकोळ समजू नका.

काही आठवड्यांनी चेहरा निर्विकार होणं, चाल बारीक होणं, लाळ, हातांची थरथर हे सगळं कंपवातासारखं दिसतं आणि घरच्यांना वाटतं हा आता ‘शांत’ झाला. वर्षानुवर्षं औषध घेतलेल्यांमध्ये जीभ आणि ओठ आपोआप हलत राहतात. ते एकदा पक्कं झालं की जाईलच असं नाही, म्हणून तीन-सहा महिन्यांनी मुद्दाम जीभ बाहेर काढायला लावून पाहायचं.

आणि एक गोष्ट क्वचित होते, पण जीव घेते. अंग लाकडासारखं ताठ, ताप, घामाघूम, नाडी वेगात, रक्तदाब वरखाली आणि शुद्धीत फरक. मे महिन्यात ऊन लागलंय किंवा मलेरिया असेल असं समजून वेळ घालवू नका. पुढचा डोस रोखून ठेवा, डॉक्टरांना लगेच कळवा, सीपीकेसाठी (स्नायूंना झालेली इजा दाखवणारी तपासणी) रक्त घ्या आणि वैद्यकीय अतिदक्षता विभागात हलवायची तयारी करा.

लिथियम: पाणी, मीठ आणि दुखण्याची गोळी

लिथियमचा उन्मादावरचा उपयोग जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी 1949 मध्ये मांडला. आजही बायपोलर आजारात आणि आत्महत्येचा धोका कमी करण्यात त्याची जागा पक्की आहे. अडचण अशी की उपयोगाची पातळी आणि विषाची पातळी अगदी शेजारी शेजारी. रोजच्या उपचारात रक्तातली पातळी साधारण 0.6 ते 1.0 मिलीइक्विव्हॅलंट प्रतिलिटर ठेवतात, उन्माद जोरात असताना 1.2 पर्यंत. 1.5 च्या वर गेली की विषबाधेची भाषा सुरू होते.

रक्त शेवटच्या डोसनंतर 12 तासांनी घ्यायचं. म्हणजे रात्री आठला गोळी दिली तर सकाळी आठला रक्त आणि सकाळची गोळी रक्त काढल्यानंतर. हा क्रम चुकला की खोटा जास्त आकडा येतो आणि डॉक्टर विनाकारण डोस कमी करतात. डोस बदलल्यावर साधारण पाच-सात दिवसांनी पातळी पाहतात. पुढे सहा महिन्यांनी मूत्रपिंड आणि थायरॉइड.

शरीराला लिथियम आणि मीठ यांच्यातला फरक फारसा कळत नाही. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवायला लागतं आणि त्याबरोबर लिथियमही. म्हणून रुग्णाला विचारायचे प्रश्न इथल्या जगण्यातले हवेत. निर्जळी उपास करता का? आषाढीला पायी वारीला जाता का? वैशाखात रानात काम असतं का? जुलाब-उलट्या लागल्या का? ‘बीपी आहे, मीठ बंद करा’ असं कोणी सांगितलंय का? उपास करूच नका असं म्हणून काही कोणी ऐकत नाही. पाणी, ताक, लिंबू-मिठाचं सरबत चालू ठेवून उपास करायला सांगितलं तर ऐकतात.

दुसरा धोका मेडिकलच्या दुकानातून येतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक या दुखण्याच्या गोळ्यांनी लिथियमची पातळी चढते. बीपीच्या काही गोळ्यांनी, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या थायाझाइडने आणि एनालाप्रिल-रॅमिप्रिलच्या जातीच्या औषधांनीही. अंग दुखलं तर पॅरासिटामॉल. हे कार्डावर ठळक लिहा.

बोटांची बारीक थरथर, तहान आणि जास्त लघवी हे नेहमीचे परिणाम आहेत. पण थरथर मोठी झाली, तोल जायला लागला, बोलणं अडखळलं, उलट्या-जुलाब सुरू झाले, तर पुढची गोळी देऊ नका. दारू प्यायल्यासारखं चालतोय म्हणून गावात अशा रुग्णांना हसणारे भेटतात. डॉक्टरांना कळवा आणि पातळीसाठी रक्त पाठवा.

क्लोझापिन: रक्त, पोट आणि विडी

दोन औषधांनी फरक न पडलेल्या स्किझोफ्रेनियात क्लोझापिन कामी येतं, आणि कधीकधी असं की घरचे म्हणतात, आमचा माणूस परत आला. पण ते पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकतं. नेहमीची पद्धत म्हणजे पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त, नंतर अंतर वाढवत महिन्याला. ताप किंवा घसा दुखणं म्हणजे आधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), नंतर बाकी सगळं. न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) 1500 च्या खाली दिसले तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढचा डोस देऊ नका. पहिल्या महिन्यात ताप, छातीत दुखणं आणि सतत वेगात नाडी असं एकत्र आलं तर हृदयाच्या स्नायूला सूज आली असू शकते.

रक्ताकडे सगळ्यांचं लक्ष असतं. पोटाकडे कोणाचंच नसतं. क्लोझापिनने आतड्याची हालचाल इतकी मंदावते की आतडं अडून माणूस जाऊ शकतो. म्हणून शौचाची नोंद रोज, लाजल्याशिवाय. दोन-तीन दिवस झाली नाही की कळवा, पोट फुगलंय आणि उलटी होतेय तर लगेच. नुसत्या इसबगोलावर विसंबू नका. हालचालच मंद असेल तर तो आत गोळा होऊन बसतो.

आता विडी. तंबाखूच्या धुरामुळे यकृत क्लोझापिन लवकर संपवतं. वॉर्डात विडी बंद झाली की त्याच डोसला रक्तातली पातळी चढते आणि रुग्ण गुंगीत जातो, लाळ गळते, फिटचा धोका वाढतो. सुट्टी होऊन घरी गेल्यावर पुन्हा विडी सुरू झाली की पातळी उतरते आणि आवाज परत येतात. आपण म्हणतो, गोळ्या बंद केल्या असतील. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. म्हणूनच मिश्री-गुटखा वेगळा लिहायला सांगितला.

रात्री उशीवर लाळ गळते, ती लाज वाटण्यासारखी असली तरी सांगता आली पाहिजे. उशी उंच करा, वर टॉवेल घाला.

बाकीच्यांचं थोडक्यात. व्हॅल्प्रोएट मूल होण्याच्या वयातल्या बाईला शक्यतो देत नाहीत, कारण बाळाच्या मज्जारज्जूत व्यंग येऊ शकतं. ‘लग्न झालंय का’ एवढंच विचारून थांबू नका. कार्बामाझेपिन आणि लॅमोट्रिजिनवर अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले तर गोळी थांबवून तातडीने दाखवायचं. नैराश्यावरच्या गोळ्यांना गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि मन उभारी धरण्याआधी अंगात बळ येतं. त्या मधल्या दिवसांत आत्महत्येकडे जास्त लक्ष ठेवा. या गोळ्यांवर असलेल्या म्हाताऱ्या रुग्णाचा अचानक गोंधळ उडाला तर सोडियम तपासायला सुचवा.

हात उगारला जातो तेव्हा

आधी जागा द्या. दोन हातांचं अंतर, दार मोकळं, आवाज खालचा, बोलणारा एकच माणूस. ‘काका, बसून बोलू, आधी पाणी घ्या’ याने जितकं होतं तितकं चार धटिंगण बोलावून होत नाही. भूक, लघवी तुंबणं, दुखणं आणि वर सांगितलेला पायांचा अस्वस्थपणा यातलं काही आहे का ते पाहा.

तोंडाने औषध घेत असेल तर तेच आधी. इंजेक्शनच लागलं तर हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथॅझिन ही जोडी आपल्याकडे वापरात आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती लोराझेपामपेक्षा लवकर शांत करते असं दिसलं होतं. ओलान्झापिन आणि लोराझेपामची इंजेक्शनं मात्र लागोपाठ देऊ नका, श्वास मंदावतो. इंजेक्शननंतर निदान तासभर दर पंधरा मिनिटांनी श्वास, नाडी, रक्तदाब, शुद्ध. ‘झोपला, बरं झालं’ म्हणून पाठ फिरवायची नसते.

बांधणं हा शेवटचा उपाय, तोही कायद्याच्या चौकटीत. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम 2017 च्या कलम 97 प्रमाणे रुग्णाला किंवा इतरांना तत्काळ इजा होणार असेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, गरजेपुरता वेळच बांधता येतं. कारण आणि वेळ लिहावी लागते, नामनिर्देशित प्रतिनिधीला (रुग्णाच्या वतीने बोलण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीला) 24 तासांत कळवावं लागतं. मनुष्यबळ कमी आहे म्हणून किंवा शिक्षा म्हणून बांधता येत नाही. एकट्याला कोंडून ठेवणं आणि साखळीने बांधणं तर सरळ बेकायदा आहे. बांधलंच तर पाणी, लघवी, हातापायांचा रक्तप्रवाह सतत पाहा.

महिन्याचं इंजेक्शन

फ्लुफेनाझिन किंवा हॅलोपेरिडॉल डेकॅनोएट तिळाच्या तेलात असतं. तिळाची ऍलर्जी आहे का ते विचारा. सुई आणि सिरिंज कोरडी हवी, 21 नंबरची सुई, खोल स्नायूत, कातडी बाजूला ओढून धरून, सावकाश. नंतर चोळू नका. या वेळी उजवीकडे तर पुढच्या वेळी डावीकडे, आणि कुठे दिलं ते लिहा. पुढच्या काही दिवसांत ताठरपणा वाढू शकतो हे घरच्यांना आधीच सांगा. घेतलेलं इंजेक्शन काही परत काढता येत नाही, म्हणून ते औषध गोळीच्या रूपात आधी सोसलंय का ते केसपेपरवर पाहून घ्या.

घरी पाठवताना

सुट्टीच्या दिवशी नातेवाईकांना बसची घाई असते. म्हणून शिकवणं आदल्या दिवशी आणि रुग्णाला समोर बसवूनच. गोळीचं नाव ब्रँडचं नको, औषधाचं लिहा. दुकानदार ब्रँड बदलतो, मग एकच औषध दोन पाकिटांतून दुप्पट जातं. ‘आता बरा आहे, गोळ्या बंद करू’ आणि ‘लग्न करून दिलं की सुधारेल’ ही दोन वाक्यं येतातच. दोन्हीवर तिथेच बोला, न रागावता.

क्लोझापिन सलग 48 तासांपेक्षा जास्त चुकलं तर जुन्या डोसवर परत उडी मारायची नाही, 12.5 मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवत न्यावं लागतं. लिथियमचा डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन गोळ्या घ्यायच्या नाहीत. आत्महत्येचा धोका असेल तर एका वेळी आठवड्याचीच औषधं द्या आणि डबा कुलपात कोणी ठेवायचा ते नाव घेऊन ठरवा. शेतकरी घर असेल तर कीटकनाशकाच्या बाटल्या कुठे असतात हेही त्याच वेळी विचारा.

पुढची औषधं जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयात मिळतात. गावाजवळचा दिवस कोणता ते शोधून लिहून द्या आणि रुग्णाची हरकत नसेल तर गावातल्या आशाताईंना कळवा. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानसचा 14416 हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही येतो, तेव्हा जुनाट आजार असेल तर प्रमाणपत्रासाठी कुठे जायचं तेही सांगा. कार्डावर शेवटी तीन तारखा हव्यात: पुढची भेट, पुढचं रक्त, पुढचं इंजेक्शन. या तिन्ही शक्यतो एकाच दिवशी जुळवून द्या, नाहीतर एक मजुरी बुडवून आलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही.